रस्सा आणि हिस्सा

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. मी कोल्हापूर जिल्ह्यात राहून रश्श्याशी वैर मांडतो आहे, तेव्हा माझं काय व्हायचं ते होवो.

आमच्या इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून गाव मोजतंच आहे. सूत मोजतं, कापड मोजतं, पगार मोजतं. मी बँकेत बसून दुसऱ्यांच्या नोटा मोजतो. पण सगळ्यात काटेकोर मोजणी रविवारी दुपारी स्वयंपाकघरात होते, आणि ती कुठल्याच वहीत चढत नाही. अर्धा किलो मटण. आधी वडीलधारे, मग जावई असल्यास जावई, मग पोरं, मग घरचे कर्ते. सगळ्यांत शेवटी जी बसते, तिच्या वाट्याला पातेल्याचा तळ. वर ती हसून म्हणते, "मला बाई रस्साच आवडतो."

हे वाक्य मी ज्या ज्या घरी जेवलो तिथे ऐकलं. एवढ्या बायकांची आवड शब्दाशब्दाला सारखी कशी? आमच्या काउंटरवर एकाच हस्ताक्षरातल्या दहा स्लिपा आल्या, तर आम्ही त्या मुकाट्यानं साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवतो. इथे मात्र कुणाला संशय येत नाही! मी कॉमर्सचा पदवीधर. जमेला नावे असतंच, एवढं मला पक्कं शिकवलेलं आहे. एका ताटात दोन फोडी जादा पडल्या, की दुसऱ्या ताटातून त्या वजा झालेल्या असतात. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक, मान्य. पण पातेल्याचा तळ हे त्यावरचं औषध नव्हे, एवढं सांगायला डॉक्टर लागत नाही.

म्हणून मी मटणाच्या कोशिंबिरीचा पक्ष घेतला आहे. हे ऐकून शेजारच्या टेबलावरचे स्नेही उसळले. "मटणाची कोशिंबीर? मग उद्या पुरणपोळीचं लोणचं घाला की राव!"

स्नेह्यांना जग ठाऊक नाही. साहेबलोक भाजलेल्या मांसाचे काप पाल्यावर पसरून, वर हिरवा मसाला ओतून पोटभर जेवतात. त्याला स्टेक सॅलड म्हणतात. त्यांचं मांस बैलाचं, ते आपल्या राज्यात 2015 पासून बंद. पण लाओस-थायलंडात 'लाब' नावाची कोशिंबीर असते. खिमा, पुदिना, लिंबू आणि भाजलेल्या तांदळाची पूड. आपण दाण्याचा कूट घालतो, ते तांदूळ घालतात. म्हणजे गोत्र एकच!

कृती सोपी आहे. मांडीचं बिनहाडाचं मटण घ्या, खाटकाकडून चार हाडं वेगळी मागा. हळद, मीठ, आलं-लसूण लावून सगळं एकत्र शिजवा. मऊ झालं की मटणाच्या पातळ पट्ट्या कापा, धाग्याला आडव्या. मागवाल्यांना हे समजवायला नको. धागा आखूड झाला की दाताला ओढ लागत नाही. पट्ट्या कोरड्या करून कडकडीत तव्यावर खरपूस परता. ओल्या टाकल्यात तर नुसत्या वाफाळतात. कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची, लसूण आणि मीठ खलबत्त्यात कुटा. त्यात दोन लिंबं पिळा, दोन चमचे शेंगतेल घाला आणि पट्ट्या गरम असतानाच त्यात लोळवा. काकडी, कांदा, मुळा, कोबी मात्र वाढायच्या वेळी मिसळा, नाहीतर मिठानं पाणी सुटतं. वर कूट.

"आणि रस्सा?" स्नेह्यांचा आवाज कापरा झाला. अहो, हाडांसकट शिजवलेलं अळणी पाणी उरलंच आहे ना! त्याचा पांढरा रस्सा करा. बुडालं काहीच नाही.

फायदा हिशेबाचा आहे. फोड मोजता येते, कोशिंबीर मोजता येत नाही. घरातली बाई वाढायला बसली तर स्वतःला शेवटीच वाढणार, ती सवय एका रविवारात जायची नाही. पण पट्ट्या नीट मिसळल्या असतील तर परातीतल्या शेवटच्या डावातही मटण येतंच. वशिला चालत नाही, जावयाचासुद्धा.

तरीही ज्यांना हे पटत नाही, त्यांनी खुशाल रस्सा ओरपावा. माझी अट एकच. पातेलं फोडींनी भरलेलं असताना घरातल्या एखाद्या पुरुषानं ताट पुढे करून म्हणून दाखवावं, "मला रस्साच आवडतो."