उन्हाळी मेजवानी: हौस कोणाची, घाम कोणाचा?

वार्षिक परीक्षा आटोपतात, निकालपत्रके हाती पडतात, शाळांच्या दारांना कुलुपे लागतात आणि त्याच सुमारास विदर्भातील मध्यमवर्गीय घरांना पाहुण्यांचे वेध लागतात. राज्यात अन्यत्र शाळा जूनच्या मध्यास उघडत असल्या, तरी विदर्भात उन्हाच्या कडाक्यामुळे त्या जवळजवळ आठवडाभर उशिरा सुरू होतात. म्हणजे ज्या दिवसांत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणे नकोसे होते, नेमक्या त्याच दिवसांत मुले घरी, भाचे-पुतणे घरी, आणि दूरगावी नोकरीस असलेले थोरले चिरंजीवही रजा काढून घरी. चार आप्तेष्ट जमले की काहीतरी करावे असे वाटणे स्वाभाविक आहे. ते करूही नये, असे सांगणारा विरक्त पंथ प्रस्तुत लेखकाचा नाही.

तथापि हे ‘काहीतरी’ अलीकडे एका नव्या वळणाने चालले आहे. घरगुती समारंभाला आता ‘थीम’ लागते. पूर्वी पाहुण्यांना जेवायला बोलावीत; आता एखाद्या कल्पनेला बोलावतात आणि पाहुणे तिच्या मागोमाग येतात. कधी समुद्रकिनारा, कधी चित्रपटांचा जमाना, कधी नुसताच एखादा रंग. कोरपन्यासारख्या गावी, जेथून कोणताही समुद्र शेकडो मैल दूर आहे, दिवाणखान्याच्या भिंतीवर कागदी नारळाची झाडे चिकटवून त्याखाली गरगरीत तळलेले पदार्थ वाढायचे आणि बाहेर पारा ४५ अंशांवर टेकलेला असायचा, हे दृश्य थोडे विनोदी खरे. पण त्यातला विनोद सोडून द्यावा आणि खर्च पाहावा. ‘सर्वांनी निळे कपडे घालून यावे’ असे निमंत्रणात लिहिणे म्हणजे निमंत्रितांवर बसविलेला एक छोटा करच होय. ज्या कारकुनाच्या घरी तीन मुले आहेत, त्याला एका संध्याकाळसाठी तीन निळे सदरे शोधावे लागतात. तो येत नाही, आणि न येण्याचे कारण प्रकृतीचे सांगतो.

ही पद्धत आली तेथील उन्हाळा आणि आपला उन्हाळा यांत मूलतः फरक आहे, हे आपण विसरतो. स्वीडनमध्ये जूनच्या उत्तरार्धात मध्य-उन्हाळ्याचा सण होतो. १९५३ पासून त्याची पूर्वसंध्या १९ ते २५ जूनच्या दरम्यान येणाऱ्या शुक्रवारी धरली जाते. फुलांचे मुकुट घालून माणसे मोकळ्या हिरवळीवर नाचतात, नवे बटाटे आणि खारवलेले मासे खातात. त्या लोकांनी महिनोन्महिने अंधार काढलेला असतो. सूर्य हा त्यांचा पाहुणा. आपल्याकडे सूर्य हा पाहुणा नसून तगादा लावणारा सावकार आहे. तेथे उन्हाचा उत्सव होतो, येथे व्हायचा तर तो सावलीचा, पाण्याचा आणि संध्याकाळच्या वाऱ्याचा. उन्हाळी मेजवानी आखताना पहिला प्रश्न कोणता, तर सूर्य मावळल्यानंतर घराचा कोणता भाग आधी निवतो? सिमेंटची गच्ची दिवसभर प्यालेली उष्णता मध्यरात्रीपर्यंत ओकत राहते, तर शेणाने सारवलेले किंवा नुसते पाणी शिंपडलेले मातीचे अंगण तासाभरात बसण्याजोगे होते. हे ज्ञान आपल्या आज्यांना होते. नव्या घरांनी अंगण गमावले आणि त्याबरोबर तेही गेले.

पण खरा मुद्दा याहून गंभीर आहे. चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४७ अंशांपलीकडे गेल्याच्या नोंदी आहेत. अशा दिवशी वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक कोण करते आणि कोठे करते? दिवाणखान्यात कुलर असतो, स्वयंपाकघरात नसतो. असला तर त्याचा वारा ज्योतीवर येतो म्हणून तो बंद ठेवावा लागतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने उष्णतेच्या लाटेसंबंधी ज्या सूचना प्रसृत केल्या आहेत, त्यांत भर उन्हाच्या वेळी स्वयंपाक टाळावा आणि स्वयंपाकाच्या जागी वारा खेळता ठेवावा, असे स्पष्ट म्हटले आहे. अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत एरवीच्या मानाने १३०० हून अधिक मृत्यू जास्त झाले, तेव्हा कोठे त्या शहराने २०१३ साली उष्णतेविषयीची कृतियोजना आखली. देशातील ती पहिली. आपल्या घरातील कृतियोजना मात्र अशी असते की पुरुषमंडळी आणि पाहुणे कुलरसमोर, आणि घरधनीण सकाळी दहापासून कढईसमोर. संध्याकाळी सर्वांचे जेवण झाल्यावर ती पदराने मान पुसत बाहेर येते, तेव्हा छायाचित्रे काढून झालेली असतात. ज्या मेजवानीत घरची बाई पंक्तीला बसत नाही, तिला आनंदसोहळा म्हणायचे कोणाच्या हिशेबाने?

येथे कोणी म्हणेल की मग ‘थीम’च मोडीत काढा. आमचे मत नेमके उलट आहे. थीम म्हणजे मर्यादा. तिने आज काय करायचे नाही, हे ठरते, आणि आपल्या जुन्या उन्हाळी समारंभांत हे शहाणपण पूर्वीपासून होते. चैत्रगौरीचे हळदीकुंकू घ्या. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभरात कोणताही सोयीचा दिवस निवडायचा. गौर झोपाळ्यात बसवायची, पायऱ्यांची आरास मांडायची, दारात चैत्रांगण रेखायचे. खायला काय? कैरी घातलेली वाटली डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे, कलिंगडाची किंवा काकडीची फोड. यांतील एकाही पदार्थासाठी भर दुपारी चुलीपुढे उभे राहावे लागत नाही. पन्ह्याचा गर दोन दिवस आधी काढून ठेवता येतो, डाळ रात्री भिजते आणि सकाळी वाटली जाते, वर फोडणी पडली की झाले. पाहुणे पंगतीला न बसता तास-दीड तासात येऊन जातात. आजच्या भाषेत बोलायचे तर ही ‘थीम पार्टी’च होय, आणि ती आखणाऱ्या बायकांना उन्हाची पुरती जाण होती. तिचा दोषही सांगितला पाहिजे: ती सवाष्णींपुरती आणि बहुधा आपल्या जातीच्या आळीपुरती राहिली. शेजारची विधवा शिक्षिका तेवढी वगळून वाटलेली डाळ चवीला कितीही चांगली असो, तो पाहुणचार अपुराच. डाळ आणि पन्हे ठेवावे, ही अट काढून टाकावी.

कोरपन्याच्या परिसरात तर एक थीम झाडाला लटकलेली आहे. हा भाग पूर्वीच्या राजुरा तालुक्यातला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत तो हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्यामुळे येथे मराठीच्या शेजारी तेलुगू, गोंडी आणि कोलामी नांदतात, आणि गडचांदूर, आवारपूरच्या सिमेंट कारखान्यांनी गेल्या चार-साडेचार दशकांत देशभरची कुटुंबे वसाहतींतून आणून बसविली. या सर्वांना एका अंगणात आणणारी वस्तू कोणती, तर आंबा. मराठी घरांत अनेक ठिकाणी अक्षय्य तृतीयेला पितरांना दाखविल्यावाचून पिकला आंबा खात नाहीत. गोंडीत आंब्याला ‘मरका’ म्हणतात. गडचिरोली-बस्तरच्या पट्ट्यातील आदिवासी गावांत मरका पंडुम होईपर्यंत नव्या आंब्याला तोंड लावायचे नाही, अशी रीत आहे. एकमेकांच्या देवळात न जाणारी माणसे एकाच फळासाठी एकाच तऱ्हेने थांबतात, ही गोष्ट समाजशास्त्राच्या पुस्तकात वाचण्यापेक्षा अंगणात बसून अनुभवण्याची आहे. पन्हे मराठी घराकडे. मोहरीची पूड, लाल तिखट आणि तिळाचे तेल घातलेला आवकाय तेलुगू शेजाऱ्यांकडे. कारखान्याच्या वसाहतीतील उत्तरेकडच्या कुटुंबाने त्यांचा भाजलेल्या कैरीचा, जिरे-पुदिना घातलेला पन्ना आणावा. रस आणि त्याबरोबर सरगुंडे. हे काडीला गुंडाळून केलेले गव्हाचे सरगुंडे विदर्भाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाहीत, आणि विदर्भातही ते वळणारे हात आता कमी होत चालले आहेत. ते करणे हाच कार्यक्रम ठरवावा. पहाटे, ऊन चढण्यापूर्वी, आजी शिकवील आणि सुटीवर आलेली नातवंडे वळतील; मुलगे आणि मुली, दोघेही. वाळवून ठेवले की संध्याकाळी उकडायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात.

प्रत्येक घराने एकच जिन्नस आणायचा, हा नियम येथे पाळला पाहिजे. ‘आमच्याकडे आलेल्यांनी काही आणायचे नाही’ हा अभिमान वरवर उदार दिसतो. त्याची किंमत यजमान फेडीत नाही, यजमानीण फेडते.

पुरुषांना स्वयंपाक येत नाही, ही सबब निदान विदर्भात चालणार नाही. शेतात किंवा देवळाच्या आवारात रोडग्यांचा बेत ठरला की गोवऱ्यांचा विस्तव पेटविण्यापासून कणीक तिंबून थरांचे रोडगे भाजेपर्यंत, आणि पन्नास माणसांच्या वांग्याच्या भाजीच्या पातेल्यापर्यंत, सारे पुरुषच करतात आणि त्याविषयी वर्षभर बोलतात. ज्याला उघड्या रानात पन्नासांना जेवू घालता येते, त्याला घरच्या ओट्यावर वीस जणांचा रस काढता येत नाही, हे कसे मानावे? अर्थात वैशाखात सुकलेल्या शिवारात विस्तव पेटवू नये. तो हिवाळ्याचाच बेत.

आता काही व्यावहारिक गोष्टी. कुलर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा थंड करतो. विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात तो उत्तम चालतो तो याच कारणाने. पण दारे-खिडक्या लावून तीस माणसे खोलीत बसविली की आतली हवा दमट होते आणि कुलर केवळ चिकचिक वाढवितो. समोरची खिडकी उघडी हवी. सरबतात बाजारी बर्फाची लादी फोडून घालू नये. खाण्यास अयोग्य बर्फात निळा रंग मिसळावा, असा दंडक महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली घातला तो उगीच नव्हे. मातीच्या माठाचे पाणी अधिक विश्वासाचे. सजावटीसाठी थर्माकोल तर जुलै २०२२ पासून देशभर निषिद्धच आहे. आपल्याकडे पळस उदंड, त्याच्या पत्रावळी आणि द्रोण करणारे हातही जवळच आहेत. त्यांना चार पैसे मिळाले तर कागदी नारळाच्या झाडांपेक्षा ते केव्हाही बरे.

मुलांसाठी वेगळी मेजवानी हवी असेल, तर शिक्षकबंधूंनी एक दिवस पंचांगात खूण करून ठेवावा. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो आणि दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. हाच योग जुलैच्या उत्तरार्धात पुन्हा येतो. पण तेव्हा ढग असतात आणि शाळाही सुरू असते. अंगणात पाण्याची भरलेली बाटली किंवा तांब्या उभा करावा, डोक्याला ओला पंचा बांधून मुलांनी पाच मिनिटे बाहेर यावे, सावली गेलेली पाहावी आणि धावत आत येऊन पन्ह्याचे पेले उचलावेत. या थीमला कपडे लागत नाहीत, सजावट लागत नाही, आणि ज्या मुलाला वाढदिवसाला कधी कोणी बोलावीत नाही, तेही यात सर्वांच्या बरोबरीने उभे राहते. आमच्या मते उन्हाळ्यात मुलांसाठी याहून चांगला कार्यक्रम नाही.

चांदण्याच्या रात्रीचा विचारही करावा. वैशाखी पौर्णिमेला चंद्रप्रकाश फुकट असतो आणि वीज गेली तरी समारंभ अडत नाही. मे महिन्यात वीज जातेच. ताडोबाच्या जंगलात याच रात्री पाणवठ्यांवर मचाण बांधून वन्यप्राणी मोजण्याची प्रथा पडली, ती चांदण्यात आणि आटत्या पाण्यापाशी जनावर दिसते म्हणून. पाण्याभोवती माणसेही तशीच जमतात. अंगणात एक रांजण, ओल्या कापडाने गुंडाळलेला; त्याभोवती सतरंज्या. बुद्धपौर्णिमेची खीर शेजारच्या घरून येईल, तिच्या बदल्यात आपल्याकडचा आंबरस जावा.

उरतो प्रश्न भांड्यांचा. पत्रावळी असल्या तरी पातेली, परात, रसाचे पिंप आणि पंचवीस-तीस पेले राहतातच, आणि रात्री अकरा वाजता नळाला पाणी असेलच असे नाही. म्हणून निमंत्रण देतानाच दोन गोष्टी सांगून टाकाव्यात: येताना प्रत्येकाने आपला पेला आणावा, आणि मोठी भांडी सकाळी सहा वाजता, उन्हे येण्यापूर्वी, घरातले पुरुष घासतील. पाहुण्यांसमोर एकदा जाहीर केलेले काम सहसा मागे घेता येत नाही.