आखाड्याची वही कुठे आहे?

चैत्र लागला की आमच्या जुन्नर-आंबेगाव भागात जत्रांचा हंगाम सुरू होतो. देवाला मांडव डहाळे, घाटात बैलगाडे, रात्री तमाशा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्यांचा आखाडा. आमच्याकडे त्याला हगामा म्हणतात. हलगी कडाडते, आधी पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात, मग इनाम वाढत जाते आणि दिवस कलताना शेवटची मानाची कुस्ती लागते. लहानपणापासून मी हे पाहत आलो. पंचाहत्तरी आली तरी हलगीचा आवाज ऐकला की पाय तिकडे वळतातच.

पण यंदा एक गोष्ट डोक्यात घोळत राहिली. त्याला कारण आमचा नातू. त्याने जपानच्या सुमो कुस्तीची स्पर्धा दाखवली. प्रथम मी हसलो. एवढे अवाढव्य देह, दहा सेकंदांत खेळ खलास! पण या मल्लांचे नंबर लावतात कसे, हे त्याने समजावून सांगितले तेव्हा माझ्यातला मास्तर जागा झाला.

त्यांच्याकडे वर्षात सहा मोठ्या स्पर्धा होतात. तीन टोकियोत, बाकीच्या ओसाका, नागोया आणि फुकुओका येथे. प्रत्येक स्पर्धा पंधरा दिवसांची. वरच्या दोन वर्गांतला मल्ल रोज एक याप्रमाणे पंधरा कुस्त्या खेळतो, खालच्या वर्गांतला सात. पंधरापैकी आठ जिंकल्या की नंबर साधारणपणे वर सरकतो, आठ हरल्या की खाली. दुखापतीने गैरहजर राहिला तरी ती हारच धरतात. प्रत्येक स्पर्धेनंतर सगळ्या मल्लांची नवी यादी लागते. तिला ते बान्झुके म्हणतात. वरच्या दोन वर्गांतल्यांना महिना पगार, खालच्यांना नाही. ओझेकी हा दुसऱ्या क्रमांकाचा मान, पण लागोपाठ दोन स्पर्धांत हार जास्त झाली की तोही जातो. सर्वोच्च योकोझुना तेवढा खाली उतरवत नाहीत. मात्र मान राखता येत नसेल तर त्याने स्वतःहून निवृत्त व्हावे, अशी अपेक्षा असते.

तेरुनोफुजी नावाचा मंगोलियाचा मल्ल २०१५ साली ओझेकी झाला. गुडघ्यांनी आणि आजाराने दगा दिला, घसरत घसरत तो २०१९ साली खालून दुसऱ्या वर्गात गेला. तिथून पोरासोरांशी लढत पुन्हा वर आला आणि २०२१ साली योकोझुना झाला. वहीने त्याला खाली नेले, वहीनेच वर आणले.

आता आपल्याकडे बघा. १९६१ पासून आपण 'महाराष्ट्र केसरी' निवडतो. गादी विभागाचा विजेता आणि माती विभागाचा विजेता यांची एक लढत, आणि जिंकेल त्याच्या खांद्यावर चांदीची गदा. तिचा मला आदरच आहे. पण तो एका दिवसाचा निकाल असतो आणि बिरूद जन्मभराचे. बरे, ती गदा तरी एकच राहिली का? संघटनेत दोन गट पडले आणि २०२३ च्या नोव्हेंबरात 'महाराष्ट्र केसरी' दोनदा झाली. पुणे जिल्ह्यातल्या फुलगावला सिकंदर शेख जिंकले, धाराशिवला शिवराज राक्षे. राक्षे आमच्या शेजारच्या खेड तालुक्याचे, म्हणून आनंद झालाच. पण एका वर्षी दोन केसरी म्हणजे एका वर्गात दोन पहिले नंबर आणि निकालपत्रके वेगवेगळ्या शाळांची!

२०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला तर कहर झाला. गादीच्या लढतीत पंचांनी राक्षे यांना चितपट ठरवले, त्यांना ते मान्य नव्हते, आणि वाद पंचाला लाथ मारण्यापर्यंत गेला. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड मैदान सोडून गेले. दोघांवर तीन वर्षांची बंदी घातली गेली. लाथेचे समर्थन मी करणार नाही. पण सुमोत अशी शंका आली की रिंगणाभोवतीचे पाचही पंच मध्यभागी जमतात, चर्चा करतात, चित्रफितीची मदत घेतात (ही सोय १९६९ पासून आहे बरं का!) आणि मुख्य पंच माइकवरून सगळ्या प्रेक्षकांना कारण सांगतो. ठरवता येत नसेल तर कुस्ती पुन्हा लावतात. कारण सांगायला कमीपणा कसला? वर्गात मुलाने "गुण का कापले?" असे विचारले तर मी पेपर दाखवत असे.

केसरीचे भांडण निदान पेपरात तरी येते. माझे खरे दुःख खालच्या पोरांचे आहे. माझा एक विद्यार्थी बारा वर्षे जत्रा खेळला. ओतूरच्या कपर्दिकेश्वराच्या श्रावणातल्या यात्रेपासून इकडे भीमाशंकरच्या पायथ्यापर्यंत त्याने कुठली माती अंगाला लावली नाही ते विचारा. खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के जागा असतात हे ऐकून तो कागद गोळा करायला निघाला, तेव्हा त्याच्यापाशी निघाले काय? दोन ढाली आणि फेटा बांधलेले फोटो. शेकडो कुस्त्यांपैकी एकीचीही नोंद कुठे नव्हती. आज तो टोमॅटोच्या गाड्या भरतो. काम वाईट नाही, पण "गुरुजी, मी किती जिंकलो हे मलाच आता आठवत नाही" असे तो म्हणाला, ते मला लागले.

आणि गंमत ऐका. त्याच जत्रेत बैलगाडा घाटातून सुटला की आपण घड्याळ लावून सेकंदांचा हिशेब ठेवतो, त्यावरून नंबर काढतो. बैलांची वेळ लिहून घेणारे आपण, पोराची कुस्ती मात्र हलगीबरोबर हवेत सोडून देतो!

कोणी म्हणेल, गुरुजी, ही आपली मातीची परंपरा, तिला जपानी हिशेब कशाला? अहो, सुमोही मातीच्याच रिंगणात, देवळाच्या परंपरेतून आलेली आहे. वही ठेवल्याने त्यांचा देव बाटला नाही. दुसरा म्हणेल, तिथेही लबाडी चालते. चालते ना! २०११ साली ठरवून केलेल्या कुस्त्या उघडकीस आल्या आणि मार्चची ओसाकाची स्पर्धा रद्द करावी लागली. पण त्याआधीच, २००२ साली, अमेरिकेतल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जुने निकाल तपासून दाखवले होते की आठवा विजय हवा असलेला मल्ल शेवटच्या दिवशी संशय यावा इतक्या वेळा जिंकतो. नोंद होती म्हणून लबाडी दिसली. आपल्याकडे नोंदच नाही, मग आपण प्रामाणिक आहोत की नुसते न पकडलेले, हे कोण सांगणार?

माझे मागणे फार नाही. प्रत्येक जत्रा कमिटीने शंभर पानी वही घ्यावी. मल्लाचे नाव, गाव, वय, वजन, कुस्ती निकाली की बरोबरीत, पंच कोण, एवढे लिहावे आणि खाली सही करावी. हंगाम संपला की दोन्ही तालुक्यांच्या वह्या एकत्र करून यादी लावावी. पुढच्या वर्षी जोड लावताना कोणाचा भाचा, कोणाचा पाहुणा हे न बघता ती यादी बघावी. सरकार त्या वहीला लगेच मानणार नाही हे मला कळते. पण जे लिहिलेच नाही ते मानायला लावणार तरी कसे?

आमच्या गावच्या कमिटीला मी सांगून ठेवले आहे. लिहायला माणूस नसेल तर मी येतो. चाळीस वर्षे हजेरी मांडली आहे, अक्षर अजून बरे आहे.