चूक यंत्राची, की मनातल्या चित्राची?

विद्यार्थी मित्रांनो, संगणकाच्या ‘अ’ या कप्प्यात ५ आणि ‘ब’ या कप्प्यात ७ ही संख्या आहे असे समजा. पहिली आज्ञा : ब मधील संख्या अ मध्ये ठेव. दुसरी आज्ञा : अ मधील संख्या ब मध्ये ठेव. शेवटी कोठे काय असेल? पुढे वाचण्यापूर्वी उत्तर कागदावर लिहा.

‘अ मध्ये ७ आणि ब मध्ये ५’ असे पुष्कळजण लिहितात. प्रत्यक्षात दोन्हीकडे ७ असतात. पहिल्या आज्ञेनेच अ मधील ५ पुसले गेले. दुसऱ्या आज्ञेला ते मिळणार कोठून? दूध आणि ताक यांची भांडी बदलायची तर तिसरे रिकामे भांडे लागते. येथेही तिसरा कप्पा हवा.

मी पदार्थविज्ञान शिकवतो. संगणकाचे प्राथमिक तासही घेतले आहेत. चुकीचे उत्तर देणाऱ्या एका मुलीला मी ‘नीट लक्ष दे’ एवढेच म्हणालो होतो. तिने पुढे प्रश्न विचारणेच सोडले. आज वाटते, तिचे लक्ष होतेच. तिच्या मनातले यंत्राचे चित्र वेगळे होते आणि ते मी पाहिलेच नाही.

हे चित्र पाहण्यासाठी काही शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे खर्ची घातली आहेत. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीतील मार्क आयझेनस्टाट हे त्यांपैकी एक. हे विद्यापीठ १९७१ पासून घरबसल्या शिकणाऱ्यांना शिकवते. मानसशास्त्राच्या अशा विद्यार्थ्यांसाठी त्यांनी १९७० च्या दशकात ‘सोलो’ ही सोपी संगणकभाषा तयार केली. चूक समजावून द्यायला शेजारी शिक्षक नाही. तेव्हा नवशिक्या कोठे अडतो, हे आधीच ओळखणे भाग होते.

पुढे ‘प्रोलॉग’ भाषेकडे ते वळले. या भाषेत आपण माहिती व नियम देतो आणि उत्तराची वाट यंत्र स्वतः शोधते. एक वाट बंद झाली की मागे फिरून दुसरी धरते. ही धावपळ आपल्याला दिसत नाही. १९८८ मध्ये आयझेनस्टाट आणि माइक ब्रेशॉ यांनी ती झाडाच्या आकृतीत दाखवणाऱ्या ‘पारदर्शक प्रोलॉग यंत्रा’ची माहिती प्रसिद्ध केली. कोणती फांदी यशस्वी झाली, कोणती खुंटली, हे त्यात डोळ्यांना दिसे. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस पसरल्यावर अदृश्य क्षेत्र दिसू लागते, तसाच हा प्रकार.

मुरलेले लोकही चुकतात. त्यांच्या सर्वांत अवघड चुकांच्या हकिकती आयझेनस्टाट यांनी गोळा केल्या आणि १९९७ मध्ये त्यांचा अभ्यास मांडला. निम्म्याहून अधिक अडचणींच्या मुळाशी दोनच कारणे निघाली : चुकीचे मूळ आणि तिचा परिणाम यांत स्थळाचे किंवा काळाचे मोठे अंतर असणे, अथवा चूक शोधण्याचे साधनच निरुपयोगी ठरणे.

तर मग वर्गात सुंदर हलती चित्रे दाखवली की काम झाले? माझे मत तसे नाही. २००२ मध्ये तीन अमेरिकन संशोधकांनी अशा २४ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. चित्र काय दाखवते यापेक्षा विद्यार्थी त्याचा उपयोग कसा करतो, याला अधिक महत्त्व आहे, असे त्यांना आढळले. नुसते पाहणे पुरत नाही. आधी स्वतः अंदाज बांधावा लागतो.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. आज्ञावली चालवण्यापूर्वी प्रत्येकाकडून अपेक्षित उत्तर लिहून घ्यावे. प्रत्येक आज्ञेनंतर कप्प्यांतील संख्या कागदावर मांडायला सांगावे. आणि बरोबर उत्तराइतकेच गुण चूक शोधून तिचे कारण सांगण्यालाही द्यावेत. अभ्यासक्रम मोठा आणि वेळ थोडा, ही तक्रार मला ठाऊक आहे. मीही ती करतो. पण या कामाला कागद आणि पेन्सिल पुरते. संगणक नसलेल्या शाळेतही ते होईल.

आता तर यंत्रे आपणहून आज्ञावली लिहून देतात. ती बरोबर आहे की नाही, हे मात्र माणसालाच पारखावे लागते. ज्याच्या मनात यंत्राचे चित्र स्पष्ट नाही, तो ती पारखणार कशी?

मित्रांनो, मघाशी तुमचे उत्तर चुकले असेल तर खोडू नका. ते का चुकले, हे त्याच्याखाली लिहा. शिकण्यासारखे आहे ते तेथेच.