धनुष्य आधी की पोथी आधी?

दिवाळीच्या सुमारास आमच्या घाटंजीत कापूस घरात येऊ लागतो, आणि कापसाबरोबर धुऱ्याचे तंटेही. शहरातल्या वाचकांसाठी सांगावयास हवे : दोन वावरांमधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. नांगरताना तो दरसाल बोटभर सरकतो, आणि दहा-पंधरा वर्षांनी एखाद्या दिवशी कोणाच्या तरी डोक्यात काठी बसते.

गेल्या वर्षी अशाच दिवसांत माझा एक जुना विद्यार्थी ओसरीवर येऊन बसला. चहा झाला, आणि त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. पडद्यावर रथ, रथात श्रीकृष्ण आणि खाली एक संस्कृत ओळ. अर्थ असा की, अहिंसा हा परम धर्म खरा, पण धर्मासाठी केलेली हिंसाही तशीच.

"सर, हे महाभारतातच हाय ना?"

"कशाला हवं तुला?"

"काकाच्या पोरांनी धुरा तीन तास आत रेटला. त्या तीन तासांतला कापूस आमचा हाय. दिवाळी झाली की मी वेचाले जातो. ते आडवे आले, तर..."

पुढचे तो बोलला नाही. बोलावयाची गरजही नव्हती.

ओळीचे उत्तर सोपे होते. पहिला अर्धा भाग महाभारतात एकदा नव्हे, अनेकदा येतो. अनुशासनपर्वात तर त्याच्या पुढे अहिंसेलाच परम दान आणि परम तप म्हटले आहे. धर्महिंसेचे शेपूट महाभारतात नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत विद्वानांनी पिढी-दीड पिढी खपून, शेकडो हस्तलिखिते ताडून, १९६६ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुरी केली. त्या संहितेतही ते सापडावयाचे नाही. कोणी जोडले कोण जाणे! पण जोडणाराला आपल्या गिऱ्हाइकाची नाडी अचूक कळली होती खास.

हे ऐकून पोरगा हिरमुसला. मग एकदम म्हणाला, "पण सर, गीतेत तर लढ म्हणूनच सांगतलं ना?"

येथे मात्र मास्तरकी संपली. कारण सांगितले आहेच. अर्जुन धनुष्य टाकून बसतो आणि अठराव्या अध्यायाअखेर उठून तयार होतो. हे कोणाला नाकारता येईल?

लोकमान्यांनी ते नाकारले नाही. जून १८९७ मध्ये पुण्याच्या शिवोत्सवात त्यांनी अफझलखानाच्या वधाचे समर्थन गीतेच्या आधाराने केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २२ जूनला, चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. टिळकांना झाली ती राजद्रोहाची शिक्षा, अठरा महिन्यांची. खुनाशी संबंध कोणी सिद्ध केला नाही. दामोदर चाफेकर एप्रिल १८९८ मध्ये हाती गीता घेऊन फासावर गेले. पुढे मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले 'गीतारहस्य' १९१५ साली निघाले. त्याच्या दुसऱ्याच प्रकरणात आततायीला मारावे की नाही, याचा खल आहे. आततायी म्हणजे घर जाळणारा, विष घालणारा, शस्त्र घेऊन धावणारा. आणि पुढे त्यात दुसऱ्याचे शेत बळकावणाराही येतो! माझ्या विद्यार्थ्याला हे ठाऊक नव्हते हे बरे. पण टिळकांची अटही जबर आहे : करणाऱ्याची बुद्धी सम हवी, फळाची आशा नको. मंडालेहून मैदानापर्यंत येताना वाटेत गळते ती नेमकी ही अट.

गांधींनी कुरुक्षेत्र माणसाच्या हृदयात नेले. मराठीचा शिक्षक म्हणून खरे सांगतो, संहितेचा सरळ अर्थ लावू गेल्यास ही ओढाताण वाटते. आणि मौज अशी की, हे त्यांना स्वतःलाही मान्य होते. 'अनासक्तियोगा'च्या प्रस्तावनेत त्यांनी कबूल केले आहे की, अक्षरार्थाने पाहता फलत्यागाशी युद्ध जुळते म्हणता येईल. पण चाळीस वर्षे ही शिकवण जगण्याचा यत्न केल्यावर अहिंसेवाचून फलत्याग पुरा होत नाही, असे त्यांना आढळले. टिळकांचा अर्थ शब्दांना जवळचा आहे. गांधींचा अनुभवाला.

त्याच गांधींच्या सायंप्रार्थनेत गीतेतली स्थितप्रज्ञाची लक्षणे म्हटली जात. ३० जानेवारी १९४८ ला ते प्रार्थनेला निघाले असताना त्यांचा खून झाला. खुनी नथुराम गोडसे १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात फाशी गेला, तेव्हा त्याच्याही हाती गीता होती.

आमच्याच जिल्ह्यातल्या वणीचे लोकनायक बापूजी अणे टिळकांचे कट्टर अनुयायी. टिळकांवर त्यांनी संस्कृतात अख्खे काव्य रचले. त्यांनी जुलै १९३० मध्ये पुसदला जंगल सत्याग्रह केला. हातात विळा घेतला तो गवत कापावयास, आणि तुरुंगात गेले. टिळकांची गीता वाचूनही माणूस येथवर येतो.

हे सगळे मी त्या पोराला सांगितले नाही. त्याला एकच दाखवले. पहिला अध्याय काढला आणि आततायी हा शब्द कोण उच्चारतो ते वाचावयास लावले. अर्जुन उच्चारतो. हे आततायी असले तरी यांना मारून पापच लागेल, असे तो म्हणतो. पुढच्या सतरा अध्यायांत श्रीकृष्णाच्या तोंडी तो शब्द एकदाही नाही. अहिंसा मात्र चार वेळा आहे.

"अर्जुनानं धनुष्य आधी खाली ठेवलं, मग विचारलं," मी म्हणालो. "तू कधी विचारतो आहेस?"

तो बराच वेळ पानाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, तुमच्या वावराचा धुरा कोणी रेटला नाही, म्हणून तुम्हाले सुचते."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. वावर माझ्याकडे नाहीच, पगार आहे.

त्याने मोजणीचा अर्ज केला, हे मला नंतर बाजारात कळले. तारीख मिळाली ती वेचा संपल्यानंतरची. दिवाळी होऊन पंधरवडा झाला तेव्हा मी मुद्दाम त्या वाटेने गेलो. दोन्ही वावरे वेचून झाली होती, आणि मधल्या तीन तासांतली बोंडे फुटून कापूस खाली लोंबत होता.