बेडका पडत नाही म्हणून परत येऊ नका

दिवाळी झाली की आपल्या कातकरी वाड्या रिकाम्या होतात. कोणी वीटभट्टीवर, कोणी कोळशाच्या भट्टीवर. त्याआधी पेण-रोह्याच्या वाड्यांवर आम्ही दळीच्या दाव्यांचे कागद घेऊन फिरतो, तेव्हा अंगठा उठायच्या आधी खोकला ऐकू येतो. "धुराचा हाय," म्हणतात. असेलही. पण दोन आठवडे खोकला हटत नाही, सांजचा ताप येतो, अंग वाळत चाललंय, तर तो टीबी असू शकतो.

दवाखान्यात डबी देतात. तिच्यात छातीतला बेडका पाहिजे, नुसती थुंकी चालत नाही. म्हाताऱ्यांना, अशक्त बायांना तो काढताच येत नाही. मग डबी राहते वळचणीला खोचलेली आणि माणूस जातो भट्टीवर.

आता सांगतो त्याला हसू नका. छातीतला टीबी शौचातूनही सापडतो. वर आलेला बेडका आपण नकळत गिळतो, त्यातल्या जंतूच्या खुणा पोटातून खाली उतरतात आणि सीबीनॅट मशीन त्या ओळखतं. शौच लागते वालाच्या दोन-तीन दाण्यांएवढी. लहान पोरांना तर बेडका काढताच येत नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दहा वर्षांखालच्या मुलांसाठी ही तपासणी मान्य केली.

मोठ्यांचं एवढं सोपं नाही. आफ्रिकेत मोझांबिक, इस्वातिनी, युगांडा इथं एचआयव्ही असलेल्या मोठ्या माणसांची अशी तपासणी करून पाहिली. काहींचा टीबी सापडला, पुष्कळांचा निसटला. ज्यांची ताकद फार खालावली होती त्यांच्यात जास्त सापडला. म्हणजे बेडका पडत असेल तर तोच द्यायचा. आणि "शौचात नाही, म्हणजे टीबी नाही" असं कोणी म्हटलं तर ते मानायचं नाही.

आमची मागणी अशी आहे: पोरांची शौच तपासणी आपल्या तालुक्यात व्हावी. ज्या मोठ्या माणसाला बेडका पडत नाही त्याला रिकामं परत पाठवू नये. एक्स-रे काढा, मिठाच्या पाण्याची वाफ देऊन बेडका काढा, तेही जमलं नाही तर शौच तपासा.

गोळ्या सहा महिने, फुकट. भट्टीवर जाताना निक्षयचा नंबर लिहून न्या, तिथल्या सरकारी दवाखान्यात पुढच्या गोळ्या मागता येतात. आहाराचे महिना १,००० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून झालेत, पण ते बँकेत जमा होतात. आणि खातं किती जणांचं आहे? ते कामही दाव्यांच्या कागदांबरोबरच करू.

पुढच्या बैठकीला येताना घरातल्या खोकणाऱ्याला संगती आणा. दवाखान्यात आम्ही बरोबर येऊ.