यंत्राचा वेग आणि गावाचा हिशेब

द्राक्षाचा भाव कोसळला, टोमॅटो रस्त्यावर ओतावा लागला किंवा कांद्याची निर्यात थांबली, की प्रक्रिया उद्योगाचा जप सुरू होतो. निफाड तालुक्याला हा जप नवा नाही. राज्य सरकारने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, वाईननिर्मितीला लघुउद्योगाच्या सवलती दिल्या, आणि याच तालुक्यात विंचूर येथे औद्योगिक विकास महामंडळाने वाईन उद्योगासाठी स्वतंत्र वसाहत आखली. बागायतदाराने माल विकणारा न राहता कारखानदार व्हावे, ही त्यामागील कल्पना होती व ती चुकीची नव्हती. आता या कल्पनेला अॅल्युमिनियमच्या डब्याची जोड मिळाली आहे. अकलूजच्या फ्रातेल्ली व नाशिकच्या सुला या मोठ्या उत्पादकांनी २०२० च्या सुमारास डब्यातील वाईन बाजारात आणली. साहजिकच लहान उत्पादकाच्या मनात प्रश्न उभा राहतो, की हे आपल्याला का जमू नये?

सायखेड्यासारख्या गोदाकाठच्या गावात चार-सहा बागायतदारांनी एकत्र येऊन असा विचार केला, तर त्यांच्यापुढे पहिला प्रश्न येईल तो डबाबंदीचे यंत्र कोणते घ्यावे हा. वरकरणी हा प्रश्न तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो कर्जाचा, गहाण पडणाऱ्या जमिनीचा आणि सरकारी धोरणाचा प्रश्न आहे.

डब्याचे आकर्षण

डब्याची बाजू मुळीच लंगडी नाही. पाऊण लिटर वाईनची काचेची बाटली रिकामीच सुमारे अर्धा किलो भरते. ३३० मिलिलिटरचा अॅल्युमिनियमचा डबा पंधरा ग्रॅमच्याही आत बसतो. वाहतूक स्वस्त पडते, फुटतूट टळते, प्रकाश आत शिरत नाही आणि रिकामा डबा भंगारवाला आनंदाने नेतो. डब्यातील पहिली बीअर अमेरिकेत जानेवारी १९३५ मध्ये विक्रीस आली. परंतु पुढे कित्येक दशके डबाबंदी ही बड्या कारखान्यांचीच मक्तेदारी राहिली, कारण तिची यंत्रे प्रचंड होती. कॅनडातील एका कंपनीने टेबलावर मावेल असे हातयंत्र तयार केले आणि २००२ साली कोलोरॅडोतील ऑस्कर ब्लूज या छोट्या बीअर उत्पादकाने एकेक डबा हाताने बंद करून आपला माल बाजारात नेला, तेव्हा ही मक्तेदारी मोडली. त्यानंतर लहान यंत्रांचा सुकाळ झाला आणि सुकाळाबरोबर निवडीचा पेचही आला.

आपल्याकडे पुण्यात २००९ साली डूलाली या सूक्ष्म बीअरगृहाने नवा पायंडा पाडला. पण तेथील धंदा बीअर जागेवर तयार करून जागेवरच विकण्याचा. त्यात डब्याची गरज पडत नाही. सायखेड्याच्या उत्पादकाचे गिऱ्हाईक मात्र गावात नाही. ते मुंबई-पुण्यात आहे. शिवाय बीअरसाठी लागणारे सातू उत्तरेकडून आणि हॉप्स तर परदेशातून येणार. गावाजवळ जे आहे ते द्राक्ष. म्हणून येथे विचार करायचा तो प्रामुख्याने वाईनच्या डबाबंदीचा, आणि तिचे नियम बीअरहून काहीसे निराळे आहेत.

शिवण, प्राणवायू आणि गंधक

विक्रेत्याच्या माहितीपत्रकात पहिला आकडा असतो तो वेगाचा: मिनिटाला इतके डबे. खरेदीदाराने तो शेवटी वाचावा. डबाबंदीचा प्राण शिवणीत आहे. डब्याची कड आणि झाकणाची कड एकमेकींत अडकवून दोन रुळांनी त्या दाबल्या जातात. पहिला रूळ घडी घालतो, दुसरा ती आवळतो. ही दुहेरी शिवण केसभर सैल राहिली, तर डबा कारखान्यात गळत नाही. तो महिनाभराने दुकानात गळतो. म्हणून यंत्र घेताना शिवण कापून मोजण्याची साधने सोबत मिळतात काय, रूळ झिजल्यावर ते कोण बदलणार आणि तो माणूस नाशिकहून येणार की परदेशातून, हे आधी विचारले पाहिजे. झाकणांचा व्यास एकच असला, तरी त्यांच्या कडांची घडण वेगवेगळी असते व प्रत्येकीला यंत्राचा वेगळा भाग लागतो. तेव्हा डबा कोणाकडून मिळणार हे ठरविल्याशिवाय यंत्राची मागणी नोंदविणे, हे पाय मोजण्याआधी जोडा विकत घेण्यासारखे आहे.

दुसरी कसोटी प्राणवायूची. भरताना आत राहिलेली हवा बीअरला आठवड्यांत शिळी करते. तेथे डब्यातील प्राणवायू अब्ज भागांत शंभर भागांखाली ठेवण्याची धडपड असते. त्यासाठी डबा आधी कर्बवायूने धुतात, बीअर शून्याजवळच्या तपमानाला आणतात आणि फेसावरच झाकण टेकवतात. दाब राखून भरणारे यंत्र हे काम चोख करते, पण ते महाग असते. उघड्या तोंडाने भरणारे स्वस्त असते, पण त्याला थंडावा आणि कुशल हात लागतो. बिनफेसाच्या वाईनची अडचण तिसरीच. अॅल्युमिनियमचा पातळ डबा ताठ राहतो तो आतील वायूच्या दाबामुळे. साध्या वाईनमध्ये हा दाब नसतो. म्हणून झाकण लावण्यापूर्वी द्रवरूप नत्राचा एक थेंब आत सोडावा लागतो. ही सोय नसलेले यंत्र घेतले, तर खोक्यांच्या थप्पीत खालचे डबे चेपतात.

याहून सूक्ष्म गोष्ट गंधकाची. वाईन टिकावी म्हणून तिच्यात सल्फर डाय ऑक्साइड असतो. डब्याच्या आतील लेप कोठे कच्चा राहिला तर तो अॅल्युमिनियमशी संयोग पावतो आणि सडक्या अंड्याचा दर्प निर्माण होतो. म्हणजे बाटलीसाठी तयार केलेली वाईन तशीच डब्यात ओतता येत नाही. डबा पुरविणाऱ्याने घालून दिलेल्या मर्यादेत ती आधी बसवावी लागते. यंत्रापूर्वी प्रयोगशाळा, हा येथील क्रम आहे.

एका भाबड्या समजुतीचेही निरसन व्हायला हवे. 'वाईनचा हंगाम संपला की याच यंत्रावर टोमॅटोची प्युरी भरू,' असे सहज म्हटले जाते. प्युरी गरम भरावी लागते, तिचा डबा बहुधा कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा, तिचे यंत्र निराळे. नुसता द्राक्षरस भरायचा तरी त्याचे पाश्चरीकरण करणे भाग आहे. एरवी डब्यात किण्वन सुरू होऊन तो फुगेल. एक यंत्र सर्व पिकांचा उद्धार करील, ही आशा व्यर्थ आहे.

सतरा तासांचे यंत्र

आता हिशेब पाहू. समजा, या मंडळींनी वर्षाला दहा हजार लिटर वाईन डब्यात भरायची ठरविली. सुमारे पंधरा टन द्राक्षांचे हे काम. ३३० मिलिलिटरचे साधारण तीस हजार डबे होतात. मिनिटाला तीस डबे भरणारे यंत्र हे सारे काम सतरा तासांत, म्हणजे दोन-अडीच दिवसांत उरकील. उरलेले वर्षभर ते झाकून ठेवायचे आणि व्याज मात्र रोज भरायचे. मिनिटाला पाच डबे बंद करणारे हातयंत्र तेच काम शंभर तासांत, म्हणजे आठ तासांच्या तेरा पाळ्यांत करील आणि गावातील चार हातांना काम देईल. मात्र हातयंत्रावर प्रत्येक डब्यात दहा मिलिलिटर जास्त पडले, तरी वर्षाला तीनशे लिटर माल फुकट जातो, हेही विसरून चालणार नाही. पैसा वेगावर नव्हे, अचूकपणावर खर्च करावा, हा या हिशेबाचा अर्थ.

यंत्राबाहेरचा खर्चही मोठा आहे. थंडावा देणारे संयंत्र, हवेचा दाब देणारा कॉम्प्रेसर, वायूच्या टाक्या, स्वच्छ पाणी आणि भरवशाची वीज, यांवाचून यंत्र म्हणजे शोभेची वस्तू. छापील डब्यांची मागणी मोठ्या संख्येनेच नोंदवावी लागते. लहान उत्पादकाला कोरे डबे घेऊन त्यांवर लेबल चिकटविणे भाग पडते, आणि कोरे डबेही हजारोंच्या थप्पीने येतात. तळोजा व छत्रपती संभाजीनगर येथे डब्यांचे मोठे कारखाने असूनही २०२५ मध्ये बीअर उत्पादकांच्या संघटनेला डब्यांच्या टंचाईबद्दल केंद्राकडे धाव घ्यावी लागली. बड्यांची ही अवस्था, तर रांगेत शेवटी उभ्या असलेल्या छोट्याची काय कथा!

सायखेड्यापुरती आणखी एक गोष्ट आहे. गंगापूर धरणातून मोठा विसर्ग झाला, की चांदोरी-सायखेड्यात गोदावरी शिरते. २०१६ आणि २०१९ चे पूर लोकांच्या स्मरणात आहेत. यंत्र कोठे बसवायचे, थप्प्या किती उंचीवर रचायच्या, हे येथे कोणत्याही माहितीपत्रकात नसलेले पण पहिल्या महत्त्वाचे कलम ठरते.

धडा कोणता?

२००१ नंतर नाशिक जिल्ह्यात अनेक छोट्या वाईनरी निघाल्या. २००८-०९ च्या मंदीत मागणी घटली, वाईन टाक्यांत पडून राहिली, बँकांचे हप्ते थकले आणि काही शेतकऱ्यांनी वाईनच्या द्राक्षांचे वेल उपटून टाकले. त्या वाईनरींकडे टाक्या होत्या, यंत्रे होती. नव्हते ते गिऱ्हाईक आणि खेळते भांडवल. अनुदान यंत्राला मिळते, विक्रीला मिळत नाही; म्हणून शेतकरी यंत्र घेतो आणि विक्रीत बुडतो. याच तालुक्यातील निफाड सहकारी साखर कारखान्याची यंत्रसामग्री अनेक हंगाम थंड पडून होती, हेही येथील लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

यातून मार्ग आहे तो सामाईक सोयीचा. अमेरिकेत डबाबंदीचे यंत्र ट्रकवर चढवून उत्पादकाच्या दारी नेणारे व्यावसायिक आहेत. दोन दिवसांचे काम करून ते पुढच्या गावी जातात. आपल्याकडे मद्याचा प्रत्येक थेंब उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याने बांधलेला असल्याने हे सहजी होणार नाही. पण विंचूरसारख्या ठिकाणी खात्याच्या देखरेखीखाली एक उत्तम यंत्र, एक प्रयोगशाळा व एक जाणता तंत्रज्ञ ठेवून दहा-वीस उत्पादकांची सोय करणे अशक्य नाही. दहा जणांना दहा यंत्रांसाठी अनुदान वाटण्यापेक्षा हे स्वस्त पडेल आणि यंत्र सतरा तासांऐवजी हंगामभर चालेल.

या साऱ्या चर्चेला एक नैतिक बाजू आहे आणि ती टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. घटनेच्या ४७ व्या कलमाने मद्यबंदीचा प्रयत्न हे राज्याचे कर्तव्य मानले आहे. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाईन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा त्याला तीव्र विरोध झाला व अंमलबजावणी रखडली. डबा हा विरोध अधिकच धारदार करील. कारण तो स्वस्त, सुटा आणि सरबताच्या डब्यासारखा दिसणारा असतो. कोवळ्या वयाच्या मुलाच्या दप्तरात तो सहज लपतो. डब्यावरचा वैधानिक इशारा ठळक असावा आणि त्याचे रूप मुलांना भुलविणारे नसावे, हा आग्रह उत्पादकांनी स्वतःच धरला, तर तो त्यांच्याच हिताचा ठरेल. द्राक्षातून पैसा मिळावा हे शेतकऱ्याचे गाऱ्हाणे खरे आहे. त्याची किंमत शेजारच्या घराने मोजू नये, हेही तितकेच खरे आहे.

सायखेड्याच्या बागायतदाराने म्हणून विक्रेत्याला प्रश्न विचारण्यापूर्वी स्वतःला तीन विचारावेत: माल कोण घेणार, डबा कोण देणार आणि यंत्र बिघडले तर कोण येणार? या तिन्हींची उत्तरे लेखी मिळाल्यावर यंत्राची निवड अवघड राहत नाही. ती मिळत नसतील, तर सर्वांत चांगले यंत्र तेच, जे अजून विकत घेतलेले नाही.