हाड जुळले, पण माणूस उठला का?



गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रीघ लागते आणि त्याबरोबर अपघातही येतात. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना एखादा मजूर घसरतो. अंधारात उभ्या ट्रॉलीवर कोणाची मोटारसायकल आदळते. घरात म्हातारे माणूस न्हाणीत पाय घसरून पडते. हाड मोडले की सारे घर धावते. गाडी ठरवतात, उसनवारी करतात, ऑपरेशन उरकतात. पण प्लास्टर निघाले, टाके काढले, की "हाड जुळले, आता काळजी नाही" असे म्हणून जो तो आपल्या कामाला लागतो. आमचे म्हणणे आहे ते याच ठिकाणी.

हाड जुळायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात, मांडीच्या हाडाला त्याहून अधिक. या काळात दुसरी एक झीज चाललेली असते आणि ती एक्स-रेत दिसत नाही. ती म्हणजे स्नायूंची झीज. आपले शरीर मोठे काटकसरी आहे. ज्या स्नायूला काम नाही त्याच्यावर ते खर्च करीत नाही. प्लास्टर काढल्यावर एक मांडी दुसरीपेक्षा बारीक दिसते, ती यामुळेच.

अमेरिकेत 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हाड न मोडलेल्या, धडधाकट वयस्कांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवले होते. तेवढ्यात त्यांच्या दोन्ही पायांतील मिळून जवळजवळ एक किलो मांस घटले. दहा दिवसांत निरोगी माणसाची ही गत, तर खुबा मोडून दोन-दोन महिने पडून राहिलेल्या म्हातारीचे काय होत असेल? खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर जवळपास निम्मे रुग्ण पूर्वीसारखे चालू शकत नाहीत. शिवाय पडून राहण्याने पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गाठी होतात, छातीत कफ साठतो. रिचर्ड ॲशर या ब्रिटिश डॉक्टरांनी अंथरुणात पडून राहण्याचे धोके 1947 सालीच लिहून ठेवले होते. आता खुब्याच्या रुग्णाचे ऑपरेशन होता होईल तो एक-दोन दिवसांत करून दुसऱ्या दिवशी त्याला उठवून बसवण्याकडे डॉक्टरांचा कल असतो.

आणि आपल्या घरी काय चालते? "आई, तू हलू नको, आम्ही आहोत ना." ताट जागेवर, पाणी जागेवर. सून मायेने करते, लेक मायेने करते, पण त्या मायेनेच म्हातारीचे पाय जातात, हे स्पष्ट सांगणे आम्हांस भाग आहे. डॉक्टर विश्रांती सांगतात ती मोडलेल्या अवयवाला. बाकीच्या शरीराने झोपून राहावे असा तिचा अर्थ नाही.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. ऊस तुटून गेला म्हणून कोणी खोडवा वाऱ्यावर सोडतो काय? बुडखे छाटतो, बगला फोडतो, खत-पाणी वेळेवर देतो. तशीच हाड जुळल्यानंतरची मशागत असते. म्हणून दवाखान्यातून निघण्यापूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: पायावर भार पूर्ण द्यायचा, थोडा द्यायचा की मुळीच नाही? आजपासून कोणते व्यायाम करायचे? पुन्हा केव्हा दाखवायचे? प्लास्टरमध्येही मांडी आवळून पाच आकडे मोजणे, बोटे हलवणे असे व्यायाम बहुधा करता येतात. मात्र ते विचारूनच करावेत. भार द्यायची परवानगी मिळाली की खुर्चीवरून उठणे-बसणे हा फुकटचा आणि उत्तम व्यायाम आहे.

दुसरी गोष्ट खाण्याची. दुखणेकऱ्याला आपण पेज, चहा-बिस्किटे आणि गूळ घालून शिरा देतो. साखर आणि गूळ आपलेच, त्यांच्याशी आमचे वैर नाही, पण त्यांनी स्नायू भरत नाहीत. त्याला प्रथिने लागतात. आजारी वयस्काला वजनाच्या दर किलोला सव्वा ते दीड ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोज पाऊणशे ते नव्वद ग्रॅम प्रथिने हवीत, असे तज्ज्ञ सांगतात. एक अंडे, कपभर दूध, मूठभर शेंगदाणे किंवा वाटीभर घट्ट डाळ, प्रत्येकातून सहा-सात ग्रॅम मिळतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांना विचारावे. ज्या घरातून रोज दहा लिटर दूध डेअरीला जाते, त्याच घरची म्हातारी कोरा चहा पिते, हे चित्र आपल्याला शोभणारे नाही.

आता ऊसतोड कामगाराविषयी. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकाचा पाय मोडला की कोयता अर्धा पडतो आणि उचल मात्र पूर्ण फेडायची असते. मग गडी प्लास्टर निघताच मोळी उचलतो. पायात ताकद आलेली नसते, पुन्हा पडतो. म्हातारीला फार झोपवून ठेवतात आणि याला फार लवकर उभे करतात. दोन्हीकडे नुकसान सारखेच.

म्हणून आमचे मत असे की, कारखान्याने तीन गोष्टी कराव्यात. कुबड्या, वॉकर आणि कमोडच्या खुर्च्या गटवार ठेवून गरजूंना अनामतीवर द्याव्यात. काम झाले की परत घ्याव्यात. हंगामात आठवड्यातून एक दिवस व्यायामोपचार तज्ज्ञ बोलवावा व त्याने ऊसतोड मजुरांच्या तळावरही जावे. आणि फ्रॅक्चरमधून उठलेल्या कामगाराला ताकद येईपर्यंत हलके काम मिळावे, त्यासाठी मुकादमांशी बोलणे करावे. खर्च फार नाही. बैल लंगडला तर आपण त्याला जुवाखाली घालीत नाही, माणसाबाबत तेवढा विचार तरी व्हावा.

येत्या वार्षिक सभेत सभासदांनी हा विषय मांडावा. तोवर ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल, त्यांनी डॉक्टरांना विचारून आजच त्याला हात देऊन उठवून बसवावे, एवढीच विनंती.